सतरा नंबरचा राजा

जानेवारीतला दुसरा रविवार, सकाळी साडेदहा. ठिकाण : वडिलांचं घर, पंचगंगेकडची पेठ.

हजर : वडील (आम्ही त्यांना आबा म्हणतो), वय शहाऐंशी, दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. धाकटा भाऊ. भावजय. संग्रहालयातून नाणी बघायला आलेल्या बाई. मी.

नाणी : यादीप्रमाणे एकेचाळीस.

असं लिहून ठेवायची मला सवय आहे. एका कॉलेजच्या कार्यालयात मी सत्तावीस वर्षं काम करते आणि त्यातली निम्मी सभांची इतिवृत्तं लिहिण्यात गेली. कोण आलं, काय ठरलं, कुणाकडे कोणतं काम दिलं. त्या रविवारचं पानही बाईंनी दारात चपला काढायच्या आत मी भरून ठेवलं होतं. ‘यादीप्रमाणे एकेचाळीस’ हे शब्द पेटी न उघडता लिहिले. ते अजून तसेच आहेत.

नाणी शिशाची. दोन हजार वर्षांपूर्वी कोल्हापुरावर ज्यांचं राज्य होतं त्या राजांची. जुन्या रुपयाएवढी, पण हातावर ठेवली की वाटतं त्याच्या दुप्पट जड. एका बाजूला धनुष्यबाण आणि कडेनं ब्राह्मी लिपीत राजाचं नाव. दुसऱ्या बाजूला कमानीवर कमान रचल्यासारखा डोंगर आणि शेजारी कठड्यातलं झाड. त्या झाडाला आबा बोधिवृक्ष म्हणत. आमच्या घरानं दीक्षा घेतली तेव्हा आबा सतरा-अठरा वर्षांचे होते. पुढं नदीकाठच्या गाळात कुणालातरी सापडलेल्या ढबूवर आपलं झाड बघून त्यांना काय वाटलं असेल, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एकदा एवढंच म्हणाले होते, “राजानं एका अंगाला धनुष्य काढलंय आणि एका अंगाला झाड. त्याला म्हाईत असणार, धनुष्य किती दिवस टिकतंय ते.”

आबा छापखान्यात जुळारी होते. शिशाचा एकेक खिळा उचलून अक्षराला अक्षर लावायचं, ओळ भरली की दुसरी. छापून झालं की सगळी अक्षरं सुटी करून परत आपापल्या खणात. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, निधनाच्या बातम्या, सगळ्यांना तेच खिळे. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळं आबांना उलटं वाचायची इतकी सवय की वर्तमानपत्र कुठल्याही बाजूनं धरलं तरी चालायचं.

ही नाणी नदीवरच्या भोयांना ठाऊक होती, पण शिसं म्हणून. ब्रह्मपुरीच्या टेकाडाखाली पाणी ओसरलं की ती गाळात मिळायची. भोई ती ठोकून, दुमडून जाळ्याच्या कडेला वजनाला लावायचे. आबांनी त्यांच्याशी अदलाबदल सुरू केली. झिजलेले, तुटके खिळे छापखान्याचा मालक त्यांना मोडीच्या भावानं द्यायचा. ते ओंजळभर न्यायचे, आणि तेवढ्याच वजनाची नाणी, न ठोकलेली, घ्यायची. शिशाला शिसं.

मी नऊ-दहा वर्षांची असताना एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. एक म्हातारा भोई काठावर जाळं दुरुस्त करत बसला होता.

“काय रं कंपोजिटर, आज काय आणलंस? क का ख?”

“आज जोडाक्षरं हायत. जड असत्यात.”

“तुझ्या अक्षरांनी मासं शानं झालं की. जाळ्यापतोर येत्यात, वाचत्यात, आन् माघारी जात्यात.”

“मग साळंत घाल त्यास्नी.”

“घालतो की. मास्तर म्हणून तूच ये.”

दोघेही हसले नाहीत. असं बोलणं त्यांचं वर्षानुवर्षं चालू होतं. म्हाताऱ्यानं कमरेची पिशवी सोडली आणि तीन नाणी आबांच्या हातावर ठेवली. त्यातलं एक पुढं माझ्या यादीत सतरा नंबरचं झालं.

सतरा नंबरचं काय, ते सांगते. या राजांची एक रीत होती. नवा राजा गादीवर आला की जुन्या राजाची नाणी गोळा करायचा आणि वितळवायच्या भानगडीत न पडता त्यांच्यावरच आपला छाप मारायचा. धनुष्यावर धनुष्य, नावावर नाव. खालचं नाव पुरतं जात नाही, कडेला एखादी वेलांटी, एखादा काना उरतोच. आबांनी वाचनालयातून ब्राह्मीचा तक्ता उतरवून आणला होता. स्वयंपाकघरातल्या भिंतीवर तो माझ्या पाढ्यांच्या शेजारी होता. दोन थरांची नाणी पुस्तकांतही दिलेली आहेत, त्यात नवल नाही. सतरा नंबरवर आबांना तिसरा थर दिसला. धनुष्याचं लाकूड आणि दोरी यांच्या मधल्या जागेत चार अक्षरं, वरच्या दोन्ही राजांच्या नावाशी न जुळणारी. खिळा झिजलाय का बघायला जुळारी जसा तो उजेडाला तिरका धरतो, तसं नाणं धरलं तरच ती दिसायची.

म्हणजे या दोघांच्या आधीचा एक राजा. त्याचं नाव कुठल्या पुस्तकात नाही, शिलालेखात नाही. दोघांनी त्याच्यावर छाप मारला आणि तो गेला. आबा त्याला ‘आपला राजा’ म्हणत. आई म्हणायची, “तुमचा राजा कुणाला म्हाईत न्हाय आणि तुम्ही राजाला म्हाईत न्हाय. बरी जोडी हाय.”

मी सातवीत असताना आबा ते नाणं घेऊन एका सरकारी कचेरीत गेले. मला बरोबर नेलं होतं, कारण मी वर्गात पहिली आले होते आणि साहेब लोक कसे बसतात ते मी बघावं अशी त्यांची इच्छा. साहेबांनी आधी आडनाव विचारलं. मग नाणं कुठून उचललं ते विचारलं. आबांनी तळहातावर ठेवून नाणं पुढं केलं. साहेब म्हणाले, “टेबलावर ठेवा.” आबांनी ठेवलं. साहेबांनी ते पेनाच्या टोपणानं उलटवलं.

“वाचता येतं का तुम्हाला हे?”

“येतं की.”

आबांनी तिन्ही नावं वाचली. साहेब शेजारच्या कारकुनाला म्हणाले, “ऐका, छापखान्यातनं पंडित आलेत.” मग आबांना म्हणाले, अर्ज करा, बघू.

आबांनी अर्ज केला नाही. नाणं उचललं, खिशात घातलं, आणि आम्ही चालत घरी आलो. वाटेत त्यांनी मला भडंग घेऊन दिलं. पुढं कितीतरी वर्षांनी मी विचारलं की तेव्हाच का दिली नाहीत नाणी, तर म्हणाले, “मी देत होतो. त्यानं हातात घेतलं न्हाय.”

त्यानंतर नाणी घरीच राहिली. छापखाना बंद पडला तेव्हा आबांनी खिळे ठेवायची एक जुनी सागवानी केस घरी आणली होती, खणाखणांची. तिच्यात नाणी उघडीच असायची, ज्या अक्षरानं राजाचं नाव सुरू होतं त्या अक्षराच्या खणात. धूळ बसायची. पाल फिरायची. मला ते कधी आवडलं नाही.

महापुराच्या वर्षी त्या घरात छातीइतकं पाणी चढलं. आबांना आणि भावाच्या कुटुंबाला मी आधीच माझ्या फ्लॅटवर आणलं होतं. मी रंकाळ्याच्या पलीकडं उंचावर राहते. नवव्या दिवशी परत गेलो. केस फुगून फुटली होती. नाणी खोलीभर चिखलात. आबांनी शाईनं काढून ठेवलेले सगळ्या नाण्यांचे छाप पतंगाच्या कागदावर होते, त्यांचा लगदा झाला होता.

मी चार दिवस रजा टाकली आणि तो चिखल पिठाच्या चाळणीनं चाळला. बादलीमागून बादली. आबा उंबऱ्यावर खुर्ची टाकून बसायचे. त्यांना तेव्हा एका डोळ्यानं थोडं दिसत होतं. मी नाणं धुऊन हातात दिलं की अंगठा फिरवून ते सांगायचे, कुठलं आहे ते. एकेचाळिसावं मोरीच्या जाळीत अडकलेलं मिळालं. ते सतरा नंबरचंच होतं. आबांनी ते बराच वेळ मुठीत धरून ठेवलं. मग म्हणाले, “छापाची काळजी न्हाय आता. नाणं हाय न्हवं, दुसरा काढू.” मी इतकी खूश कुणावर झालेली मला आठवत नाही, जितकी त्या दिवशी स्वतःवर झाले.

मग मी व्यवस्था लावली. सुताराकडून प्लायवुडची नवी पेटी करून घेतली, सहा खणांची. आतून निळं मखमली कापड चिकटवून घेतलं. प्रत्येक नाण्याला गोल जागा, जागेखाली नंबराची चिठ्ठी. खण इतके घट्ट की ओढताना दोन्ही हात लागायचे. फक्त पाचवा नीट बसत नव्हता, बोटभर उघडा राहायचा. मी सुताराला तीनदा फोन केला. “ताई, लाकूड फुगलंय, उन्हाळ्यात आपसूक बसंल,” असं तो तिन्ही वेळा म्हणाला. यादीही केली : नंबर, वजन, व्यास, पुढची बाजू, मागची बाजू, शेरा. सतरा नंबरसमोर शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं, ‘अक्षरे अस्पष्ट’. मला ती दिसली नव्हती. जे दिसत नाही ते लिहायचं नाही, हा माझा नियम.

पेटी माझ्या फ्लॅटवर कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. पूर तिथं येणार नाही. त्यानंतर मी ती उघडली नाही. यादी पूर्ण झाली की वस्तूकडं बघायचं कारण उरत नाही, असं मला वाटतं, किंवा वाटायचं. आबांचा दुसराही डोळा गेला. ते अधूनमधून फोनवर म्हणायचे, “बाई, नाणी आण की एकदा.” मी म्हणायचे, “जड आहे पेटी, आबा. सुरक्षित आहेत. यादी वाचून दाखवू का?” आणि ते म्हणायचे, वाच. मी एकपासून एकेचाळीसपर्यंत वाचायचे. सतरा नंबर आला की म्हणायचे, “अस्पष्ट न्हाय ते. दुरुस्त कर.” मी हो म्हणायचे.

गेल्या दिवाळीनंतर त्यांनी ठरवलं की नाणी संग्रहालयाला द्यायची, आपल्या हातानं, आणि सतरा नंबरचं वाचन आपल्या नावावर नोंदवायचं. माझ्याकडं दुसरं काही मागितलं नाही. “मी गेल्यावर त्या राजाला वाचणारं कोण हाय? एकदा लिहून घेतलं की सुटलो,” असं म्हणाले. मी पत्रव्यवहार केला. बाईंनी जानेवारीतला रविवार दिला.

आबांनी त्या दिवशी इस्त्रीचा सदरा घातला होता. पेटी भावानं माझ्या गाडीतून उचलून आत आणली आणि पलंगावर, आबांच्या गुडघ्याशी ठेवली. मी पहिला खण दोन्ही हातांनी ओढला.

आत पांढरी पूड होती. निळ्या मखमलीवर सात गोल ढीग, प्रत्येकाच्या खाली माझी चिठ्ठी, माझं अक्षर. आधी मला वाटलं कुणीतरी डांबरगोळ्या कुस्करून टाकल्या आहेत. दुसरा खण ओढला. तसाच. तिसऱ्यात पंधरा ते एकवीसचे ढीग होते.

भाऊ वाकून बघत होता. त्याचं तोंड त्याच्या विचाराच्या पुढं धावतं.

“अक्का, ही काय पिठाची गिरण काढलीस व्हय?”

“पीठ कसलं?” आबा म्हणाले.

“काय न्हाय आबा. हिला म्हटलं, पावण्या बाईंना चहाबरोबर कायतरी कर.” त्यानं भावजयीकडं बोट केलं. ती बिचारी पदर सावरून आत गेली आणि तिला काय करायचं ते न कळून तिथंच उभी राहिली.

बाईंनी वर हात करून पंखा बंद करायची खूण केली. पर्समधून हातमोजे आणि चिमटा काढला. सतरा नंबरच्या ढिगात चिमट्यानं एक कण उचलायला गेल्या, तो फुटला. माझ्या कानाशी येऊन त्या अगदी हळू म्हणाल्या, “नवं लाकूड, गोंद आणि बंद हवा. शिशाला सोसत नाही. हात लावू नका, विषारी आहे. नंतर साबणानं धुवा.”

“पंखा का बंद केलासा?” आबांनी विचारलं.

“कागद उडतात, आबा,” मी म्हणाले.

फक्त पाचव्या, बोटभर उघड्या राहिलेल्या खणातली सात नाणी शाबूत होती, एकोणतीस ते पस्तीस. मी एकतीस नंबरचं उचलून आबांच्या हातावर ठेवलं. त्यांनी अंगठा फिरवला, चेहरा सैल झाला.

“एकतीस. ह्याच्या धनुष्याचं टोक तुटलंय. वर नवा राजा, खाली जुना.” त्यांनी ते बाईंच्या दिशेनं पुढं केलं. बाईंनी हातमोजा काढला आणि उघड्या तळव्यावर घेतलं. आबांनी तो तळवा क्षणभर चाचपून बघितला, कशावर ठेवलं ते समजून घ्यायला. मग मला म्हणाले, “आता सतरा दे बाई.”

बाई माझ्याकडं बघत होत्या. भाऊ खिडकीकडं बघत होता. आबांचा हात पुढं तसाच.

मी म्हणाले, “ते आधीच पाकिटात घातलंय, आबा. बाईंनी सील केलंय.”

त्यांनी हात मागं घेतला. “सील केलं?”

“हो.”

“मग नको उघडू. नियम असतोय त्यांचा.” आणि ते सदऱ्याची बाही नीट करत बसले. इतकं समाधान मी त्यांच्या तोंडावर आई गेल्यापासून बघितलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, “बाई, तुम्ही हातात घेतलंसा न्हवं ते?”

“घेतलं, आबा,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता, पण आबांना त्यांचा मूळ आवाज कुठं ठाऊक होता.

जाताना अंगणात बाईंनी मला थांबवलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हे पुष्कळ ठिकाणी होतं, मोठ्या मोठ्या संग्रहांत झालंय. मग एक कोरा फॉर्म काढून दिला. नाणं नसलं तरी वाचनाची नोंद करता येते. ज्यानं वाचलं त्यानं अक्षरं आपल्या हातानं काढून द्यायची, खाली सही करायची. ‘नाण्याची सद्यःस्थिती’ असा एक रकाना आहे, त्यात खरं ते लिहायचं, आणि तो रकाना सही करणाऱ्याला वाचून दाखवायचा.

“नोंदीला वजन कमी राहील,” त्या म्हणाल्या. “पण नाव राहील. दोघांचंही.”

म्हणजे आबांना हवं ते मिळवून द्यायचं तर मी त्या खोलीत जे बोलले ते आधी मागं घ्यायचं. एवढं साधं काम आहे.

त्या रविवारनंतर दर रविवारी मी जाते. पहिल्या रविवारी आबांना ताप होता. दुसऱ्या रविवारी घरात पाहुणे होते. तिसऱ्या रविवारी मी अक्षरं काढून घ्यायला बसले. मोठा कागद, जाड पेन, त्यांचा हात कागदाच्या कडेला लावून दिला. त्यांनी न थांबता चार अक्षरं काढली, एकमेकांपासून सारखं अंतर ठेवून, ओळ जराही न सोडता. मी फोनवर ब्राह्मीचा तक्ता काढून ताडून बघितलं तर जुळेना. मग लक्षात आलं. चारही उलटी होती, खिळ्यावर असतात तशी. कागद खिडकीच्या काचेवर पालथा धरला तेव्हा सरळ झाली. नाव वाचता आलं. वाचल्यावर मी तशीच उभी राहिले. एवढा जुना माणूस, आणि त्याचं नाव उजेडासमोर माझ्या हातात.

दुसऱ्या दिवशी कार्यालयातून बाईंना फोन केला. त्यांनी अक्षरं कशी निघाली ते पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “नाण्यावर उलटी होती म्हणून उलटी काढली, की हाताच्या सवयीनं? कधी कधी छाप मारताना आधीचं नाणं साच्याला चिकटून राहतं, मग पुढच्यावर उलटा ठसा उठतो. तसं असेल तर तो तिसरा थर वेगळ्या काळातला धरता येणार नाही. सगळी मांडणी बदलते. त्यांना विचारून घ्या.”

चौथ्या रविवारी विचारलं.

आबा भिंतीला टेकून बसले होते. प्रश्न त्यांनी दोनदा ऐकला.

“उलटी? मी सरळच काढली की.”

“उलटी निघालीत, आबा.”

“मला सरळच वाटत्यात. जन्मभर तसंच वाचलंय.” त्यांनी तळहात गुडघ्यावर घासला. बराच वेळ आठवायचा प्रयत्न करत होते. ओठ हलत होते. “नाण्यावर कशी होती… आता मलाबी खात्री न्हाय बघ, बाई. डोळ्यानं बघिटलं त्याला लई वर्षं झाली. पर अवघड काय हाय त्यात? त्या बाईंना म्हणावं, सतरा नंबर चार दिवस परत द्या. अंगठा लावला की सांगतो.”

भाऊ दारात उभा होता. तो म्हणाला, “आबा, संग्रहालयात गेल्याली वस्तू परत मिळत न्हाय.”

“बघायला बी न्हाय? मी घेऊन पळणार हाय व्हय? ह्या वयात?” आबा हसले. “मला न्या की तिथं. रिक्षानं जाऊ. त्यांच्यासमोर हात लावतो.”

मी म्हणाले, विचारून बघते.

बाहेर आल्यावर भाऊ अंगणात माझ्याशी भांडला. “तू सांग न्हायतर मी सांगतो. रोज विचारतंय म्हातारं. दुपारी जेवताना विचारतंय, औषध घेताना विचारतंय. रिक्षा किती घेतोय तिथवर, हे बी विचारलंय परवा.”

“मी सांगते. मीच केलंय ते.”

“केलंस म्हणून कोण म्हणतंय? तू चिखलातनं काढली न्हवं ती? आमच्यापैकी कोण बसलं होतं चाळत?”

चिखलात ती दोन हजार वर्षं होती आणि आबांकडं पन्नास. माझ्याकडं सहासुद्धा टिकली नाहीत. त्यानं हे मनात आणलं नसेल. मी आणलेलं आहे. चाळणीनं चाळताना अंगठ्याखाली लागलेला तो गारवा मला अजून आठवतो आणि तेव्हा मी काय विचार करत होते तेही : वजनकाटा कुठून आणायचा.

आज पाचवा रविवार. सकाळी आठपासून केलेली कामं : शाबूत सात नाणी बाईंनी सांगितल्याप्रमाणे पत्र्याच्या डब्यात ठेवली. पूड सीलबंद पिशवीत भरून, वर नंबर घालून संग्रहालयाकडं पाठवायला तयार केली. पेटी भंगारात दिली. यादीत सतरा नंबरसमोरचा ‘अस्पष्ट’ हा शब्द खोडून आबा म्हणतात ती चार अक्षरं लिहिली आणि तारीख घातली. फॉर्मवर आबांचं पूर्ण नाव, वय, पत्ता भरला. व्यवसायाच्या रकान्यात ‘जुळारी’. उलट-सुलट दोन्ही प्रती जोडल्या.

दुपारी आबांच्या घरी गेले. आबांना जेवायला वाढलं. त्यांनी विचारलं, “काय म्हणाल्या बाई? कधी जायचं?” मी ताटातला घास त्यांच्या बोटांपाशी सरकवला आणि म्हणाले, आधी जेवा. ते जेवले. मग झोपले. मी फॉर्म मांडीवर घेऊन त्यांच्या उशाशी चार वाजेपर्यंत बसले, ते उठले, चहा झाला, आणि सहाला मी निघाले.

बाकी : नाण्याची सद्यःस्थिती, हा रकाना. तो त्यांना वाचून दाखवणे. त्याखाली त्यांची सही.